कपाटात राहिलेला दाखला

‘वरून नामंजूर झाला,’ असं मी त्या मायलेकींना सांगितलं होतं. खरं म्हणजे तो अर्ज मी वर पाठवलाच नव्हता. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, शाळेतही नाही.

मी जानेफळच्या बाजूच्या एका शाळेत गणित शिकवतो. ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. काही मुलांचे आकडे वाचताना-लिहिताना उलटे होतात. डॉक्टरी तपासणीचा दाखला जोडून शाळेनं बोर्डाकडे अर्ज केला, तर अशा मुलांना दहावीच्या गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर वापरू देतात. आमच्याकडे ते कागद माझ्या हातून जायचे.

आणि माझी ख्याती वेगळ्याच गोष्टीची होती. आमच्या शाळेत रोज प्रार्थनेनंतर तीसपर्यंतचे पाढे होत. ती पद्धत मीच लावली. शाळा तपासायला आलेले साहेब मान डोलवत. “सरायच्या वर्गात कॅल्सी चालत नाही,” असं पालक एकमेकांना सांगत, आणि ते कानावर आलं की मी उगाच खिशात खडू शोधत असे.

त्या वर्षी दहावीत एक मुलगी होती. तिची आई मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बाजारात बसायची. मुलीला गणित कळायचं. साधं कळणं नव्हे, उदाहरण वाचतानाच तिला वाट दिसायची. एकदा मी गोल टाकीचं घनफळ काढायला दिलं. त्रिज्या सात फूट, उंची आठ. सगळ्या वर्गाआधी तिनं सूत्र मांडलं, सात खाली-वर छाटला, उरलं बावीस गुणिले सात गुणिले आठ. आणि सात आठी लिहिले पासष्ट. उत्तर एक हजार चारशे तीस. पुढचा गुणाकारही बरोबर होता. फक्त छप्पन्नचे आकडे उलटे पडले होते.

मी तिला उभं ठेवलं आणि अख्ख्या वर्गाकडून सातचा पाढा म्हणवून घेतला. तीनदा. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “पासष्ट बे पासष्ट!” वर्ग हसला. मी त्यांना गप्प केलं नाही.

दिवाळीआधी मी स्टाफरूममध्ये निकालपत्रक करत बसलो होतो. बेरजा मी कॅल्क्युलेटरवरच करायचो, दोनदा. वह्यांचा गठ्ठा ठेवायला ती आत आली आणि थबकली.

“सर, तुम्हाले बी लागते काय?”

“मले सगळं येते, म्हणून चालते,” मी म्हणालो. “तू पहिले पाढे पाठ कर.”

ती “हाव सर” म्हणाली आणि गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

पुढच्या महिन्यात तिची आई शाळेत आली. कोणीतरी सांगितल्यावरून ती मुलीला बुलडाण्याला तपासणीला नेत होती. तीन खेपा झाल्या होत्या. पिशवीतून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला काढला.

“सर, पोरीचं डोकं चांगलं हाये म्हणे. आकडेच उलटे पडतात फक्त. परीक्षेत कॅल्सी भेटते म्हणतात. होईन ना?”

“ठेवा ताई. पाठवतो.”

एक झेरॉक्स तुमच्याजवळ राहू द्या, एवढंही मी म्हणालो नाही.

विसरलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी विसरलो नव्हतो. अर्ज भरून झाला होता, सहीसुद्धा केली होती. पण तो कागद गेला की माझ्या वर्गातली मुलगी बोर्डात कॅल्क्युलेटर घेऊन बसणार, आणि ते तालुक्याला कळणार. उद्या पाठवू म्हणत मुदत गेली. आई मुलीला घेऊन विचारायला आली तेव्हा ‘वरून नामंजूर झाला’ हे वाक्य तोंडातून आपोआप निघालं. तिनं वाद घातला नाही. “बरं सर,” म्हणाली, आणि जाताना टेबलावर सांबाराची जुडी ठेवून गेली.

मुलगी गणितात नापास झाली. पुरवणी परीक्षेतही गणित राहिलं. मग शाळेकडे फिरकली नाही.

पाढे यायला हवेत, असं मला अजूनही वाटतं. पाचवीच्या मुलाच्या हातात मी कॅल्क्युलेटर देणार नाही. पण टाकीचं घनफळ विचारताना मी सात आठी विचारत नव्हतो, टाकी विचारत होतो. ती तिला आली होती. एवढा फरक मला तेव्हा कळत नव्हता असंही नाही.

गेल्या महिन्यात शेतासाठी ठिबक सिंचनाच्या नळ्या घ्यायला चिखलीला गेलो. दुकानात गल्ल्याशेजारी तीच बसली होती. मला पाहून उठली, पाया पडली. माझं वावर एका कोपऱ्यात तिरकं आहे. तिनं कागदावर त्याची आकृती काढली, तिरका तुकडा वेगळा केला, दोन ओळींतलं अंतर विचारलं. मग कॅल्क्युलेटरचं एकेक बटण आकडा मोठ्यानं म्हणत दाबलं. पुन्हा एकदा तसंच. नळी किती लागेल ते सांगितलं.

मालक म्हणाला, “सर, इच्या हिशेबात नळी कमी पडत नाही अन् उरत बी नाही. शिकवली कोनं, आँ?”

“हेच सर होते,” ती हसली. “लई कडक. पन माह्यासाठी त्यायनं बोर्डात कागद पाठवला होता. वरूनच नाही म्हनले, त्याले सर काय करतीन?”

मी पाणी मागितलं.

निघताना ती बाहेरपर्यंत आली. “सर, यंदा गणिताचा फॉर्म भरू म्हनते. आपल्याच शाळेतून भराव लागते ना?”

“हो.”

“कॅल्सीचं आता राहू द्या. एकडाव नामंजूर झालं, ते पुन्हा कायले देतात? पाढे पाठ करून राह्यली मी. सतरापर्यंत झाले.”

तिथेच बोलायला हवं होतं. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

तिचा दाखला शाळेतल्या माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात, त्याच प्लास्टिकमध्ये. त्याच्या मागे माझा सही केलेला अर्ज. फॉर्म भरायला ती या महिन्यात येईल. दरवाजात तिच्यासारखं कोणी दिसलं की माझा हात फळ्यावर थांबतो.

तो दाखला मी तिला परत देणं लागतो. नवा अर्ज वेळेत पाठवणं लागतो. आणि पहिला कधी गेलाच नव्हता हे तिला, तिच्या आईसमोर, माझ्या तोंडानं सांगणं लागतो. यातलं अजून मी काहीच केलेलं नाही.