मागची पाटी

चादर पिळून अर्धीच झाली होती. एक टोक खिळेमामांच्या हातात, दुसरं मामींच्या. तेवढ्यात समोरच्या दारी टेम्पो येऊन उभा राहिला आणि मामांचा हात सैल पडला. पाणी सगळं मामींच्या पायांवर.

"मास्तर निघाले वाटतं," मामा म्हणाले.

"वाटतं कसलं? लेकीकडे कायमचे चाललेत. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे." मामींनी चादर तशीच बादलीत टाकली. "आज तरी तोंड उघडा. देवाने ते नुसतं जेवायला नाही दिलेलं."

खिळेमामा वाहन नोंदणी कार्यालयाच्या आवारात नव्या गाड्यांना नंबरपाट्या बसवायचे. खिळे ठोकतात म्हणून खिळेमामा; खरं नाव बहुधा फक्त मामींनाच आठवत असेल. पाटी कशी वाचायची हे ते कुणालाही हौसेने सांगायचे. आधीची अक्षरं राज्याची, मग कार्यालयाचा आकडा, मग मालिकेची अक्षरं, आणि शेवटचा आकडा त्या एकाच गाडीचा. "माणसाला नाव-आडनाव, तसं गाडीला हे," म्हणायचे. खिळाही साधा नव्हे. एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही, म्हणजे चोराला पाटी बदलता येऊ नये.

कामाचा नियम एकच: एक गाडी पुरती झाल्याशिवाय दुसरीच्या पाट्या उघडायच्या नाहीत. मामा हाताने चपळ, आणि तेच नडलं. रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या पुढच्या पाट्या आधी ठोकायचे, मग मागून फिरत सगळ्या मागच्या. वर्षानुवर्षं कधी चुकलं नाही. निवृत्तीनंतर मास्तरांनी हौसेने गाडी घेतली, त्या दिवशी चुकलं. शेजारी कुणा परक्याची तसलीच पांढरी गाडी, नंबरही लागोपाठचे. मास्तरांचा शेवट सहाने, त्या परक्याचा साताने. मागच्या पाट्यांची अदलाबदल झाली. मास्तरांनी पुढच्या पाटीशी उभं राहून फोटो काढून घेतला. मागे कोण बघतो?

पुढे त्या परक्याने एका हातगाडीवाल्याला धडक दिली आणि धूम ठोकली. बघणाऱ्याने मागचा नंबर टिपला, तो सहाचा. पोलीस आले मास्तरांच्या दारात. पुढे सहा, मागे सात, हे पाहून त्यांची खात्रीच पटली की हा पाट्या बदलणारा मुरलेला चोर. गल्ली सगळी दारा-खिडक्यांत. मास्तरांना धड चपलाही घालू दिल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत कार्यालयाला घोळ उमगला आणि मास्तर सुटले. साहेबांनी मामांना केबिनमध्ये झाप झाप झापलं, गाडीला नव्या पाट्या बसवून घेतल्या आणि बजावलं, "बाहेर चकार शब्द नको." साहेबांचं एवढं मनापासून मामांनी कधीच ऐकलं नव्हतं.

गल्लीत कुजबुज राहिली ती राहिलीच. "काहीतरी असल्याशिवाय का पोलीस येतात?" मास्तरांकडे शिकवणीला येणारी मुलं एकेक करत बंद झाली. मामा येता-जाता "काय मास्तर, बरंय ना?" विचारायचे आणि उत्तराला न थांबता पुढे सटकायचे. प्रार्थनेला बसलं की मात्र देवासमोर त्यांना दुसरं काही सुचतच नसे.

आज ते ओल्या हातांनीच समोर गेले. मास्तर पुस्तकांचं खोकं सुतळीने बांधत होते.

"मास्तर, त्या पाट्या... मी बसवल्या होत्या. मीच चुकलो."

मास्तरांची गाठ अर्ध्यावर थांबली. "कार्यालयाचा घोळ, एवढं माहीत होतं. तुमचा हात, हे आज कळतंय."

"माफ करा मला."

"करीन हो. पण मामा, मी चोर नाही हे मला सांगून काय उपयोग? मला ते आधीपासून ठाऊक आहे." त्यांनी सुतळी दातांनी तोडली. "काल साबण आणायला वाण्याकडे गेलो, तर एकजण म्हणतो, आले पाटीबदलू! आणि सगळे फिदीफिदी."

"मी आत्ता सांगतो सगळ्यांना. तुम्ही चला सोबत."

"मी आलो तर म्हणतील, म्हाताऱ्याने पढवून आणलंय. आणि टेम्पोवाला काय आपल्यासाठी थांबणार आहे?" मास्तर हसले, पण मामांकडे न बघता.

टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत मामा रस्त्यातच उभे होते. तेव्हाच बोलले असते तर समोरच्या ओसरीवर आजही मुलांचा गलका असता. आता मास्तरांचं नाव कितीही धुऊन निघालं, तरी त्या नावाने हाक मारली तर ओ द्यायला ते इथे नव्हते.

"आता कुठे निघालात?" मामींनी दारातून विचारलं.

"वाण्याच्या दुकानात."