मधल्या चोराचा कुत्रा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियात दहावीचे पेपर तपासायला गठ्ठा सोडत होते. मामेभावाने मोजकंच सांगितलं, "बाबा गेले. सकाळी चहा पिऊन बाजेवर पडले, ते उठलेच नाहीत." मी "निघते" म्हटलं, गठ्ठा पुन्हा नीट बांधला आणि निघाले. रडू आलं नाही. आज दीड महिना झाला, अजूनही म्हणावं तसं आलेलं नाही.

श्रावणमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, गोंदियाजवळ कामठ्याला राहायचे आणि सडक अर्जुनीच्या एका मालकाचा ट्रक चालवायचे. इकडून तांदूळ न्यायचा, रायपूरहून सिमेंट आणायचं. १९९९ साली बारावीची परीक्षा संपवून मी सुट्टीत त्यांच्याकडे राहिले, तेव्हा आभाळ बघायला शिकले. एप्रिल कलला की अंगणात बाजा पडायच्या, पाय उत्तरेकडे करून. जेवणं झाली की मामांची शाळा भरायची. पश्चिमेला मृग बुडायच्या बेतात असतो, त्याला आधी बघून घ्यायचं, कारण थोड्याच दिवसांत तो दिसेनासा होतो. मग उत्तरेला सप्तर्षी. "ऋषी-बिषी आपल्याले ठाऊक नाही," मामा म्हणायचे. "ते चार तारे म्हंजे म्हातारीची खाट, अन् मागचे तिघं चोर. खाट चोरून नेऊन राहिले." चोरांच्या रांगेची कमान तशीच पुढे ओढत नेली की नारिंगी स्वाती लागते, अजून पुढे गेलं की पांढरी चित्रा. तोवर आग्नेयेला विंचू डोकं काढतो, आणि त्याच्या छातीतली ज्येष्ठा विडीच्या टोकासारखी लाल दिसते. पुढे मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण एवढं सोपं करून कुणी सांगितलं नाही.

मधल्या चोराला अगदी चिकटून एक बारीक तारा आहे. पुस्तकात ती वसिष्ठाजवळची अरुंधती. मामांच्या लेखी तो चोराचा कुत्रा. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ते त्याच्यावर आपली नजर तपासून घ्यायचे, आणि बाजेवरच्या प्रत्येकाला विचारायचे, "कुत्रा दिसून राहिला का?" नियमही त्यांचाच होता. "ज्या डायवरले कुत्रा दिसत नाही, त्यानं स्टेरिंगवरून उतरावं. डाक्टरचा कागद काही गाडी चालवत नाही." कधी बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ वैमानिकाचं विमान लुकलुकत जायचं. त्याच्याकडे बघून म्हणायचे, "यायचे डोळे मोठा डाक्टर तपासते. माहे हा कुत्रा तपासते."

२०११ च्या मे महिन्यात मी गेले तेव्हा मामी तांदूळ निवडत होत्या. हळूच म्हणाल्या, "तुह्या मामाले बाजूनं आलेली सायकल दिसत नाही आताशा. मी बोलली तं अंगावर येते." मामांना ट्रकशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि येतं असं दाखवायची त्यांना इच्छाही नव्हती. त्या संध्याकाळी बाजा पडल्या. मी चष्मा पुसून वर बघितलं. उत्तरेकडून ढग चढला होता. खाट नाही, चोर नाहीत, काहीच नाही. मी बोलणार तेवढ्यात मामा ठासून म्हणाले, "आहे. कुत्रा आहे आपल्या जागी." आणि मग मला विचारलं, "तुले दिसून राहिला का?"

मी म्हटलं, "हो मामा. दिसतो ना."

जन्मात कधी आभाळाकडे ढुंकून न बघणाऱ्या मामी भांडी घेऊन अंगणातून चालल्या होत्या. त्या थांबल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आभाळ भरून आलं आहे उत्तरेले. कुत्रा कुठचा?"

मामा कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या बसने सडक अर्जुनीला गेले आणि मालकासमोर किल्ली ठेवून आले. नंतर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. मामांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. मला मात्र त्याच दिवशी किल्ली ठेवून परत आल्या आल्या विचारलं, "मले दिसत नव्हतं. तुले तं ढग दिसत होता ना? मंग काऊन खोटं बोललीस?" उत्तर साधं होतं. माझा त्यांच्यावर जीव होता, त्यांचा ट्रक सुटलेला मला बघवला नसता, आणि तेवढ्यासाठी मी समोरून येणाऱ्या कुणाचाही जीव पणाला लावून बसले होते. त्यानंतर मामांनी मला कुत्र्याबद्दल कधीच विचारलं नाही. ती शिक्षा मला पुरली.

परवा मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला स्कुटीवरून कामठ्याला गेले. पाहुणे पांगल्यावर मामींनी अंगणात बाज टाकली, मामांचीच, पाय उत्तरेकडे करून. मी आडवी झाले. आभाळ स्वच्छ होतं. म्हातारीची खाट जागेवर, तिघं चोर जागेवर. मधल्या चोराकडे बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्षभर अक्षरं पुसट होताहेत आणि मी नंबर काढायचं टाळते आहे, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

उशाशी मामी येऊन बसल्या. त्यांनी वर बघितलंही नाही. "कुत्रा दिसून राहिला का वं?"

मी म्हटलं, "नाही मामी."

"मंग सकाळी बसनं जाजो," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "स्कुटीची किल्ली दे इकडं."