गोजरबाईचे वाफेवरचे कानोले

गोजरबाईच्या हातचं काही बिघडत नाही, हे येळगावात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त गोजरबाईलाच. म्हणून बुलढाण्याच्या बाजारात तिच्या भाजीच्या दुकानाशेजारी स्वेटर विकायला बसणारी यांगचेन चिरलेली पत्ताकोबी मीठ लावून बरणीत दाबू लागली, तेव्हा गोजरबाईनं सरळ विचारलं, "चांगली कोबी काऊन सडवून राह्यली वं?"

यांगचेन तिबेटी. भंडाऱ्याकडच्या वसाहतीतून हिवाळ्यापुरती आलेली. ती हसून म्हणाली, "सडता नही, खट्टा होता है. खाके बोलना."

पुढच्या बाजाराला गोजरबाईनं चिमूटभर तोंडात टाकली. दात आंबले, तरी हात पुन्हा बरणीत गेला. ही कोबी खिम्यात मिसळायची, कणकेच्या पारीत भरायची आणि वाफवायची, असं यांगचेननं सांगितलं. "मंग माह्याच घरी करू," गोजरबाईनं ठरवूनच टाकलं.

नवऱ्यानं, शेषरावानं खाटकाकडून खिमा आणला. मटणासाठीची वेगळी चूल अंगणात पेटली. पातेल्यात पाणी ठेवून त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. यांगचेन म्हणाली, सारण थोडं घाल. "भरणं मले नको शिकवू बाई," म्हणत गोजरबाईनं पाऱ्या ठासून भरल्या, मिटल्या आणि फडक्यावर वाफायला मांडल्या.

झाकण उघडलं तर एकूणएक पारी फुटलेली. शेषराव वाकून म्हणाला, "हा तं रस्सा झाला."

"पहिला घाणा चुलीचा असते," गोजरबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच यांगचेनच्या बोटांकडे नीट पाहत बसली. यांगचेन पारीच्या तोंडाशी घालायची त्या बारीक चुण्या काही तिला जमेनात. मग तिनं कोबी घट्ट पिळली, सारण कमी केलं, पारी अर्धी दुमडली आणि कडेला कानोल्याला, म्हणजे करंजीला, घालतात तशी मुरड घातली. यांगचेननं तो कानोला हातावर घेऊन उलटसुलट पाहिला. "ये नही खुलेगा."

आणि नाहीच उघडला. लसणाच्या ठेच्याशी तिघांनी पोटभर खाल्लं. खाताखाता गोजरबाईनं यांगचेनला विचारलं, "घरची याद येते काय?"

"आती है. पर आज कम," ती म्हणाली आणि आणखी एक उचलला.

पुढच्या हिवाळ्यात यांगचेनच्या माणसांनी अकोल्यात दुकान लावलं. बाजारात गोजरबाईला शेजारची रिकामी जागा खटकली. पण मळ्यातली कोबी तयार झाल्याबरोबर तिनं स्वतःची बरणी भरली. वडनेर भोलजीहून लेकीची सासू सत्यभामाबाई आली, तेव्हा दुसरी एखादी बाई पुरणाला लागली असती. गोजरबाईनं अंगणातली चूल पेटवली.

"हे काय होय, इहीनबाई?" ताटातलं उलटून पाहत सत्यभामाबाईनं विचारलं.

"कानोले. मटणाचे."

"वाफेवर?"

"खाऊन तं पाहा."

सत्यभामाबाईनं एक खाल्ला, मग पदर खोचून चुलीपाशी आली. "सरका जराशा. मुरड कशी घालता, मले दाखवा."

गोजरबाईनं परात दोघींच्या मध्ये ओढली.