पत्थर मॅडमनं सांगितलं नाही

प्रिय ओवी आणि निहार,

परवा फोनवर निहारनं विचारलं, "आजी, ज्या बाईला तू इतकी वर्षं दुष्ट म्हणत आलीस, तिच्या अंत्यविधीला का गेलीस?" तुमची शाळा-कॉलेजची घाई चालली होती आणि मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. यात तुमच्या मीनल आत्याची गोष्ट येते, तेव्हा आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. काही वगळू नकोस." त्यामुळे काही वगळलेलं नाही.

ती बाई, आमची पत्थर मॅडम, रस्त्यात कुणाला ओळख देत नसे. औरंगपुऱ्यात आम्ही दोघी एकदा पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो. लेकीला घेऊन आलेली एक बाई हसत हसत समोर आली. "मॅडम, वळखलं का? आमी गवळ्याच्या आळीतले!" हिनं तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "नाही." त्या बिचारीचं तोंड उतरलं. पुढे गेल्यावर मी चिडून विचारलं, ओळखलं होतंस ना? "ओळखलं होतं. पण दुकानदारानं विचारलं असतं, या कोण, कुठल्या ओळखीच्या. मग मी काय सांगू? हिच्या मुलीचं रक्त आमच्याकडे तपासायला येतं म्हणून?"

आमचं काम असं होतं. शहराच्या आसपासच्या काही गावांत आणि वस्त्यांत जन्मलेल्या मुलांचा एक लांबलचक अभ्यास चालला होता. आई पोटुशी असताना नाव घालायचं, मग दर वर्षी घरी जाऊन उंची, वजन, रक्तदाब, रक्त, लघवी. मुलं मोठी झाली तरी अभ्यास चालूच. मी कॉलेजातून निवृत्त होऊन तिथं गेले ती इंग्रजी संमतीपत्रं सरळ मराठीत करायला. तिचं काम जोडण्याचं. इस्पितळातून, शाळांतून, मृत्युनोंदणीतून याद्या येत. त्यातलं कोण आपल्या अभ्यासातलं हे ती शोधून काढायची, जोडायची आणि मग नाव उडवून संशोधकांच्या हाती नुसत्या ओळी द्यायची. नावं एका खोलीत, आजार दुसऱ्या खोलीत, आणि कुठलं नाव कुठल्या ओळीचं हे फक्त तिच्या खोलीतल्या संगणकात. त्याला इंटरनेटची तार कधी लागली नाही.

हे सोपं नव्हतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, आडनाव बदलतं, गाव बदलतं. माहेरची छबू इस्पितळात वैशाली म्हणून निघते. पत्थर मॅडम आईच्या नावावरून, जन्माच्या हंगामावरून, भावंडांवरून तिला गाठायची. आणि इतक्या खटपटीनं गाठलेलं माणूस लगेच निनावी करायची. एकदा मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी गावनिहाय तक्ता मागितला. हिनं एका गावाचा रकाना रिकामाच ठेवला. ते भडकले. ही म्हणाली, "त्या गावात तो आजार दोघांनाच आहे. दोन म्हटलं की गावाला नावं कळतात."

पत्थर हे नाव जीपच्या ड्रायव्हरनं, करीमभाईनं ठेवलं. त्याच्या आईचं निधन झालं तेव्हा ती त्याच्या घरी बसायला गेली, तासभर बसली, एक शब्द बोलली नाही आणि उठून आली. "मॅडम नहीं, पत्थर है पत्थर," तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटला. तिच्या कानावर गेलं. "बरं आहे," ती म्हणाली. "दगडाला कुणी काही विचारत नाही."

पण तिला लोक विचारायचेच. अभ्यासातली पोरं लग्नाच्या वयाची झाली आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. आपल्याकडे सोयरिकीची चौकशी म्हणजे ज्याची करायची त्याला सोडून बाकी सगळ्या गावाकडे करायची. शेजारी, किराणावाला, शाळेतले मास्तर, आणि आता आमच्या घरोघर फिरणाऱ्या बायका. पोरीला जन्मापासून दर वर्षी तपासतात म्हटल्यावर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आमच्याकडे सुनंदा नावाची एक फिरती कार्यकर्ती होती. बोलकी, मायाळू, गावागावांत तिला बारशाच्या घुगऱ्या मिळायच्या. कुणी विचारलं, "ताई, पोरगी कशी हाय?" की ती खुशाल सांगायची, "सोन्यावानी हाय. डोळे झाकून करा!" आजारी पोरीबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. चांगल्या पोरीबद्दल चांगलं बोललं तर त्यात काय, असं तिला वाटे. मलाही वाटे. पत्थर मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा तिनं सुनंदाला सगळ्यांदेखत ताकीद दिली, इथून पुढे चांगलंही बोलायचं नाही. सुनंदा रडली आणि कबूल झाली.

पुढच्याच आठवड्यात दौलताबादजवळच्या एका गावात तिला एका नवऱ्यामुलाच्या मामानं गाठलं. पोरगी कशी हाय? सुनंदा ताकीद आठवून म्हणाली, "मला नाय सांगता येत." मामा काय समजायचं ते समजला. ठरलेलं लग्न मोडलं. त्या मुलीला काहीही झालेलं नव्हतं.

मुलीचा बाप कचेरीत आला. फेटा काढून हातात धरून उभा राहिला. सुनंदा मॅडमच्या टेबलाला धरून म्हणत होती, "एक डाव सांगा ना मॅडम त्या लोकांला, की पोरीला काय नाय! लई पाप लागंल हो."

"नाही."

"तुमीच म्हणला व्हता ना गप बस! म्या गप बसले!"

"पहिल्या दिवसापासून बसायला हवं होतं. तू इतक्या जणींना चांगलं म्हणालीस की तुझं गप्प बसणं म्हणजेच शेरा झाला. आता हिला चांगली म्हटलं तर उद्या जिच्याबद्दल गप्प राहू ती मरेल." मग बापाकडे वळून म्हणाली, "मुलीचे कागद मुलीला देते. तिला दाखवायचे तर ती दाखवेल. मी सोयऱ्यांशी बोलणार नाही."

"पोरीनं सोताच कागद दावायचे? लोक थुकतील की तोंडावर," तो म्हणाला. कागद न घेताच गेला. संध्याकाळपर्यंत सुनंदाची नोकरी गेली. नवरा नसलेली, दोन मुलं असलेली बाई. मी रदबदली करायला गेले तर मॅडम म्हणाली, "डबा खायचा असेल तर बस. या विषयावर बोलायचं असेल तर उभीच राहा."

तरीही मी तिच्याबरोबर डबा खात राहिले. तिचं काम स्वच्छ होतं आणि मला स्वच्छ कामाचं भारी कौतुक. माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या मसाल्याच्या बरण्यांवरून तुमचा बाबा मला अजून हसतो, तुम्हाला ठाऊकच आहे.

मग मीनलचं ठरायला आलं. मुलगा शिरीष, चांगला शिकलेला, कारखान्यात नोकरी, पुंडलिकनगरला राहणारा. बोलता बोलता त्याच्या आईनं सांगितलं की लहानपणापासून तुमच्या त्या अभ्यासात आहे. दादाचे, म्हणजे मीनलच्या बाबांचे, डोळे चमकले. "मग काय, घरातच चौकशी! तू विचार तुझ्या मैत्रिणीला."

मी डबा उघडता उघडता विषय काढला. तिनं आपल्या डब्याचं झाकण लावलं.

"अगं, मीनल माझी भाची आहे," मी म्हणाले.

"मीनल तुझी भाची आहे. तो मुलगा माझा आहे. त्याच्या आईनं तो पोटात असताना माझ्यावर भरवसा टाकलाय."

"नुसती मान हलव. हो किंवा नाही."

"ज्याचं आहे त्याला विचार. समोर बसवून विचार. आम्ही प्रत्येकाला त्याचा त्याचा निकाल सांगतो. त्याला ठाऊक आहे, जे काय असेल ते."

मी घरी येऊन तसं सांगितलं. दादा हसला. "मुलाला तोंडावर विचारायचं, तुला काही आजार आहे का? चप्पल घालून निघतील ते लोक." लग्न थाटात झालं. पत्थर मॅडम आली, पुढच्या रांगेत बसली, दोनदा मठ्ठा मागून घेतला, मीनलच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

शिरीषच्या लघवीतून तेव्हाच प्रथिनं जात होती. आमच्याच लोकांनी त्याला तसं सांगून डॉक्टरांकडे जायला लेखी कळवलं होतं. तो गेला नव्हता. लग्नाच्या गडबडीत असलं काही बाहेर यायला नको म्हणून पुढेही टाळत राहिला. अथर्व तीन वर्षांचा असताना शिरीषच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दोन वर्षं. मीनलनं त्याला एकदा तिथंच, यंत्राला जोडलेला असताना, विचारलं, तू लग्नाआधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "कुणी विचारलंच नाही."

तो गेला त्या आठवड्यात मी मॅडमच्या खोलीत जाऊन ओरडले. तुला माहीत होतं. माहीत असून तू अक्षता टाकल्यास.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तू विचारलंस त्याच दिवशी मी त्याच्या वस्तीचं जोडण्याचं काम दुसऱ्याला दिलं. पुन्हा उघडलं नाही."

"का? माझ्यासाठी एकदा बघितलं असतंस तर?"

"बघितलं असतं तर तुझ्यासमोर माझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं. मग सांगितल्यासारखंच झालं."

मुलांनो, याहून क्रूर उत्तर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. तिनं स्वतःला काही कळू नये याची काळजी घेतली होती. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत बसणार, हे तिला आधीच ठाऊक होतं.

महिन्याभरानं मीनल स्वतः गेली. तिला शिरीषची माहिती पुसून हवी होती. "त्याला जिवंतपणी वाचवता आलं नाही तुम्हाला. आता त्याच्या आजारावर अभ्यास कसले करता?" मॅडमनं त्याचं संमतीपत्र काढलं. माझ्या मृत्यूनंतरही माझी माहिती वापरण्यास माझी हरकत नाही, या ओळीखाली त्याची सही होती. ती ओळ मीच मराठीत केलेली.

"ही सही त्याची आहे," मॅडम म्हणाली. "तुमची इथं लागत नाही."

मीनल म्हणाली, "मी त्याची बायको आहे."

"म्हणूनच लागत नाही."

तिनं मीनलला बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. करीमभाईनं तिला खाली आणून जीपमध्ये बसवलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. त्या दिवसानंतर मी मॅडमबरोबर जेवले नाही.

पुढचं मला सांगायला आवडत नाही, पण ते खरं आहे. त्या जोडलेल्या ओळींतून काही वर्षांनी एक गोष्ट दिसली. जन्मताना ज्यांचं वजन कमी होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचा रक्तदाब तरुणपणीच चढत होता आणि किडन्या मुकाट्यानं खराब होत होत्या. जन्माची वजनं आमच्याकडे, आजार इस्पितळाकडे. जोडल्याशिवाय कुणालाच दिसलं नसतं. आता आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यांत अशा मुलांची लघवी आणि रक्तदाब लहानपणापासून तपासतात. त्या ओळींत एक ओळ शिरीषची आहे. कुठली, हे मला माहीत नाही. कळणारही नाही. अथर्व जन्मताना लहानसाच होता. त्यालाही तपासलं, थोडा दाब निघाला, गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. जन्माच्या कमी वजनाचा हा धोका बापाच्या वेळेला कुणालाच ठाऊक नव्हता.

गेल्या वर्षी पत्थर मॅडमला कर्करोग झाला. मी इस्पितळात गेले. ती फार वाळली होती. मी म्हणाले, "एकदा तरी म्हण, चुकलं."

"चुकलं नाही," ती म्हणाली. "वाईट झालं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"सुनंदाचं?"

"तेही वाईट झालं."

"आणि त्या दौलताबादच्या पोरीचं?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. ती म्हणाली, "कुठली पोरगी? मी कुणाला ओळखत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. ते आमचं शेवटचं बोलणं.

अंत्यविधीला मोजकी माणसं होती. करीमभाई आला होता, काठी टेकत. सुनंदा आली नाही. तिनं बरोबर केलं असं मला वाटतं. मी का गेले, तर निहार, मला तिचा राग होता आणि तो घरी एकटीनं बसून सोसवेना. एवढंच. मी तिला माफ केलेलं नाही आणि तिनंही कधी मागितलं नाही.

एक मात्र मला कळत नव्हतं. अथर्वचंही नाव त्या अभ्यासात आहे आणि मीनलला ते केव्हाही काढून घेता आलं असतं. परवा मी तिला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आत्या, उद्या अथर्वच्या सोयरिकीला लोक येतील तेव्हा मी त्यांना समोर बसवून सांगेन, याला ही गोळी चालू आहे. उठून गेले तर जाऊ देत. पण ते आम्ही सांगायचं. माझ्या माघारी दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी त्याचं तोंड फोडेन. आणि तिथून कुणी सांगणार नाही, हे मला माहीत आहे ना. माझ्यावरूनच माहीत आहे."

अभ्यास चालू आहे. दर वर्षी एक नवीन मुलगी येते, अथर्वचा रक्तदाब मोजते, चहा घेते आणि शेजारणीनं कितीही खोदून विचारलं तरी काही न बोलता पुढच्या घरी जाते.

तुमची आजी