मिठाच्या भिंतीची गिऱ्हाइकं

टाइल्सच्या दुकानात धूळ आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी साठतातच. नंदुरबारला आम्ही नवरा-बायको मिळून दुकान चालवतो. भिंतीला लावायच्या गुलाबी सैंधव मिठाच्या विटा ठेवायला लागलो, तेव्हापासून तर फारच साठलेत. मागे दिवा लावला की भिंत निखाऱ्यासारखी दिसते, म्हणून हल्ली हॉलमध्ये सगळ्यांना ती हवी असते.

कोरीटच्या एक सासूबाई सुनेबरोबर आल्या. सून म्हणाली, "हॉलची एक पूर्ण भिंत मिठाची करू." सासूबाईंनी वीट निरखून पाहिली. "बरं व्हयनं. आते कोनी नजर लावी तं मीठ-मोहऱ्या ओवाळाले नको. त्यालेच या भिंतजवळ बसाडी देऊ."

एका मुलाचं लग्न ठरलं होतं. तो सुरतच्या होणाऱ्या बायकोला व्हिडिओ कॉलवर सँपल दाखवत होता. ही फिकी, ती भडक, एकही पसंत पडेना. शेवटी तिच्या आईने फोन घेतला. "जावईबापू, तुमच्या मागे आहे ना, तेच फायनल करा. एकदम नॅचरल." मागे आमच्या दुकानाची ओल आलेली भिंत होती. मुलगा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "असं मिळेल का?"

विसरवाडीच्या हॉटेलवाल्या भाऊंना मी बजावलं होतं, "स्वयंपाकघराजवळ नको. वाफेने मिठाला पाणी सुटतं. तिथे मिठासारखी दिसणारी टाइल लावा." ऐकलं नाही. पावसाळ्यात त्यांचा फोन आला.

"ताई, भिंत रडी ऱ्हायनी."

"मग काढून टाइल लावू या?"

"नको, रडू द्या. ट्रकवाला फोटो काढाले थांबतस, चहा बी पेतस."

आणि कळसाडीचे दिलीपभाऊ. त्यांनी सरळ सुनावलं, "तुमचा माल खराब आहे. एक वीट विरघळते आहे." मी स्वतः पाहायला गेले. हॉल कोरडा ठणठणीत. सगळ्या विटा कडक, एकच मधोमध वाटीसारखी खोल आणि गुळगुळीत झालेली. त्या विटेच्या खालीच, भिंतीला टेकून, दिलीपभाऊंच्या वडिलांची, आप्पांची, खुर्ची. आप्पा पेपर वाचत होते. पेपर तोंडासमोर इतका जवळ, की चेहरा दिसेना.

सूनबाई चहा घेऊन आल्या. सहज म्हणाल्या, "डॉक्टरांनी आप्पांचं मीठ बंद केलंय. आधी ताट सरकवून द्यायचे. आता अळणी भाजी मुकाट्याने खातात. बीपीचं मनावर घेतलंय."

मी पुन्हा एकदा विटेकडे पाहिलं, मग पेपरकडे. दिलीपभाऊंना म्हटलं, "बदलून देते. हवं तर तेवढ्या जागी टाइल बसवू, अगदी अशीच दिसते."

पेपर पहिल्यांदाच खाली आला.

"टाइल नको," आप्पा म्हणाले. पेपर परत वर गेला.

मी निघाले, तशी आप्पांची बायको, जीजी, फाटकापर्यंत मागोमाग आली. घराकडे एकदा वळून पाहिलं, पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, नवी वीट जरा खाले बसाडा. त्यासनी मान दुखस."