काकींनी नको म्हटलेला शॉट

गुरुप्रसाद पाष्टेने आयुष्यात एकच सिनेमा केला. तो मी एडिट केला, त्यामुळे जे झालं त्यातला थोडा वाटा माझाही आहे. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलनं कापायची आणि जोडायची, हा माझा धंदा. गुरू पहिल्यांदा आला तेव्हा त्याला वाटलं, मला सिनेमातलं कळतं. मीही नाही म्हटलं नाही.

त्याचं गाव सावर्ड्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. गावच्या नमनाच्या खेळासाठी एकोणिसाव्या वर्षी त्याने वग लिहिला. लोक इतके हसले की म्हाताऱ्यांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच मागितला. पण वग लिहून पोट भरत नाही, म्हणून वडिलांनी, आप्पांनी, त्याला आयटीआयला घातलं आणि तिथून तो लोट्याच्या एका केमिकल कंपनीत लागला. पाळीत काम करता करता लिहायचा. वाया गेलेल्या लॉगशीटच्या पाठीवर त्याच्या एकांकिका असत. पुढे त्याने आपला बालमित्र स्वरूप भुवड यालाही त्याच कंपनीत चिकटवला.

स्वरूप लागून सात महिने झाले होते. पहिल्या पाळीत एका टाकीतून वायू सुटला आणि तो गेला. पंचवीस मिनिटांपूर्वी गुरू त्याच्याबरोबर चहा प्यायला होता. चौकशीत ठरलं, कामगाराची चूक. गुरूने साक्ष दिली की त्या टाकीबद्दल आधी दोनदा तक्रार झाली होती. ती साक्ष अहवालात आलीच नाही. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली.

"जे कागदावर घेतलं नाही ते मी पडद्यावर दाखवीन," असं तो म्हणायचा. तेव्हा मला ते नाटकी वाटायचं.

मुंबईत तीन वर्षं तो मालिकांचे संवाद लिहीत राहिला. नाव दुसऱ्याचं लागायचं. स्वरूपवरची पटकथा घेऊन तो निर्मात्यांकडे जायचा. एकाने सगळी वाचली आणि सांगितलं, "मुलगा मरतोय ते ठीक आहे, पण बागायतदाराच्या मुलीवर त्याचं प्रेम बसू दे. कंपनी नको, बोटीचा अपघात करू." गुरू परत आला. तोवर तो अडतीस वर्षांचा झाला होता.

"आता पुरे," आप्पा म्हणाले. "कंपनीत जा नायतर शेतात उतर. किती दिवस मेलेल्या पोराला घेऊन फिरणार?"

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्याने स्वतः शूटिंग सुरू केलं. नट म्हणून नमनातली माणसं घेतली. स्वरूपच्या आईचं काम करायला मात्र त्याने स्वरूपच्या आईलाच विचारलं. मथुराकाकी गावातल्या शाळेच्या पलीकडे कधी गेलेल्या नव्हत्या, पण त्या तयार झाल्या. "त्याचं नाव होईल ना? मग सांग काय करायचं ते." सून शमिका आणि नात ओवी त्यांच्याजवळच राहत होत्या. शमिका म्हणाली, आईंना बरं वाटत असेल तर करू दे.

सिनेमाचं नाव 'जेवण झाकून ठेवलंय'. शेवटच्या प्रसंगात आईने पडवीत बसायचं आणि दुपारचं झाकलेलं ताट उचलून आत न्यायचं, एवढंच लिहिलेलं होतं. त्या दिवशी शमिका ओवीला घेऊन दवाखान्यात गेली होती. काकींनी ताटावरची ताटली काढली आणि उचलायच्या ऐवजी त्या रिकाम्या पाटाशी बोलायला लागल्या.

"तू म्हणालास, आई, आज जात नाय. कालपासून डोळे चुरचुरतायत, तिथे कायतरी बरं नाय. मीच म्हटलं, नवीन नोकरी, घरी बसून काय करणार. मीच उठवलं तुला. डबा हातात दिला. तू चपला घालत होतास तरी माझ्याकडे बघत होतास."

साडेचार मिनिटं. गुरूने कॅमेरा बंद केला नाही. मग काकी पायरीवर येऊन बसल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"गुरू, हे दाखवू नको हां. शमिकाला ठाऊक नाय."

"नाही दाखवणार, काकी."

हे त्याने मला फुटेज देतानाच सांगितलं होतं.

तो शॉट न लावता आम्ही सिनेमा पुरा केला. चार महोत्सवांना पाठवला. तिघांनी उत्तरच दिलं नाही, चौथ्याने लिहिलं, 'प्रामाणिक प्रयत्न, पण शेवट पोहोचत नाही.' ते वाचल्यावर गुरू दोन दिवस स्टुडिओत फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी येऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मुकुल, तो शॉट लाव."

"काकींना विचारलंस?"

"विचारतो."

त्याने विचारलं नाही. हे मला माहीत होतं. मी शॉट लावला, कारण तो लागल्यावर पहिल्यांदाच तो खरा सिनेमा वाटला. मला त्यावर माझं नाव हवं होतं.

पुण्याच्या एका महोत्सवात लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. तिथेच मुंबईची एक कंपनी भेटली. त्यांनी आवाजाचं काम नीट करून दिलं आणि सगळे हक्क लिहून घेतले. सिनेमा मोबाईलच्या ॲपवर आला. गावात ते ॲप कोणाकडे नव्हतं, त्यामुळे गुरूला वाटलं, तिथवर पोहोचणार नाही. पण कोणीतरी तेवढाच तुकडा काढला, वर 'आईचं काळीज' असं लिहिलं आणि तो सगळीकडे पसरला. शमिकाने तो सावर्ड्याला बचत गटाच्या बैठकीत पाहिला, शेजारी बसलेल्या बाईच्या फोनवर. बाई डोळे पुसत म्हणाली, "ह्या तुझ्या सासूबाई ना गं?"

संध्याकाळी ती ओवीला घेऊन माहेरी गेली.

गुरू तिच्या माहेरी तीनदा गेला. दोनदा तिने दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. अंगणात उभी राहूनच ती बोलली.

"त्यांनी पाठवलं याचा राग नाही मला. मीसुद्धा पाठवलंच असतं. सहा वर्षं आम्ही एका चुलीवरचं जेवलो. त्याच्या नावाने दोघी रडलो. तेव्हा मला नाही सांगितलं, कॅमेऱ्याला सांगितलं."

"कॅमेऱ्याला नाही, वहिनी. त्या स्वरूपशी बोलत होत्या. चूक माझी आहे."

"तुमची आहेच," ती म्हणाली. "तुम्ही त्याचे मित्र होतात. माझ्या मुलीला शाळेत त्याच्या मरणाचा व्हिडिओ दाखवतात, ते थांबवा."

तो थांबवायला लागला. मुंबईच्या कंपनीला पत्रं लिहिली. उत्तर आलं की करारानुसार बदल शक्य नाही, आणि प्रतिसाद चांगला असल्याबद्दल अभिनंदन. वकील म्हणाले, सही तुमचीच आहे. मग तो एकेक तुकडा शोधून तक्रार करायला बसला. एक काढला की दोन नवे यायचे, कोणी त्यावर गाणं लावलेलं, कोणी भाषण. दुसरी पटकथा मागायला एका मोठ्या निर्मात्याचा फोन आला होता. गुरूने तो घेतला नाही. आता तो लिहीत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "कोणी समोर बोलायला लागलं की मी आधी बघतो, उजेड कुठून येतोय. मला माझीच किळस येते."

काकींकडे तो रोज जातो. त्या त्याला हाकलत नाहीत, त्याचंच त्याला जास्त लागतं. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "तू दाखवलंस ते खोटं नव्हतं रे. पण ते माझं होतं." त्यानंतर हा विषय नाही. त्या एकटीपुरता भात लावतात आणि तो विहिरीचं पाणी भरून देतो.

गेल्या शुक्रवारी गुरू स्टुडिओत आला आणि मूळ फुटेज पुसून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, त्याने काय होणार, तुकडे तर लोकांच्या फोनमध्ये आहेत. "तरी पूस," तो म्हणाला. बावीस दिवसांचं शूटिंग होतं. पुसलं जाईपर्यंत तो पडद्याकडे बघत खुर्चीत बसून राहिला. मग त्याने फोन काढला. सकाळपासून आणखी सहा तुकडे आले होते. त्याने पहिला उघडला, आवाज बंद केला आणि तक्रारीचा रकाना भरायला घेतला. 'या व्हिडिओतील व्यक्तीशी आपलं नातं काय?' असा तिथे प्रश्न होता. त्याने 'त्यांच्या मुलाचा मित्र' असं लिहिलं आणि पुसून टाकलं.