अल्पशा आजाराने नव्हे

नऊ वर्षं चाललेल्या आजाराला 'अल्पसा' म्हणतात का? तुम्हीच सांगा. महिन्याभरापूर्वी आमच्या सुलूआत्याची निधनवार्ता छापून आली. चार ओळींची चौकट, वर फोटो, आणि तिसऱ्या ओळीत 'अल्पशा आजाराने'. हे दोन शब्द कुणी लिहिले ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते मीच लिहिले.

त्या दिवशी सकाळी मी हिंगोलीत होते. गावाहून, हट्ट्याहून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. "अक्का गेली," एवढंच म्हणाले. आणि मग, "मजकूर लिही. दुपारच्या आत पाठवायचाय." मी एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर लिहिलं, 'यांचे अल्झायमर या आजाराने निधन झाले.' औंढ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा अण्णांना फोनवर वाचून दाखवलं.

"ते नाव काढ."

"काहून?"

"काहून म्हणजे? पल्लवीला बघायला लोक येऊन राहिले. अल्पशा आजारानं लिही. समदे तेच लिहितात."

पल्लवी माझी धाकटी बहीण. तिच्या सोयरिकीचं बोलणं दोन ठिकाणी चालू होतं. मी एरवी पदर खोचून भांडणारी पोरगी. त्या दिवशी मात्र भांडले नाही. नाव खोडलं, ते दोन शब्द लिहिले, पाठवून दिले. जिनं मला लिहायला शिकवलं तिच्याविषयी मी छापलेलं शेवटचं वाक्य खोटं निघालं.

आत्याचा वसमतला छोटा छापखाना होता. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, छापखाना तिनं एकटीनं चालवला. गावात पाचवीच्या पुढं माझ्या शिक्षणाची आबाळ होईल म्हणून अण्णांनी मला तिच्याकडे ठेवलं आणि बारावीपर्यंत मी तिथंच वाढले. बाकीच्या लेकरांच्या हातात गोष्टीची पुस्तकं असत, माझ्या हातात पत्रकं. नळाला पाणी नाही म्हणून पत्रक, वसतिगृहाचं छत गळतं म्हणून पत्रक, रेशनचं धान्य आलं नाही म्हणून पत्रक. शाळेतून आले की त्यांच्या घड्या घालायच्या आणि घालता घालता वाचायच्या. आत्याच्या अंबाड्यात कायम एक लाल बॉलपेन खोचलेलं असायचं. प्रूफ समोर आलं की हात आपोआप मागं जायचा. लिहिण्याचं तिनं मला एकच शास्त्र शिकवलं. "पत्रकाच्या पहिल्या ओळीत काय झालं ते पायजे अन् शेवटच्या ओळीत लोकांनी काय करायचं ते. मधी रडायचं तेवढं रडा."

निधनाचे मजकूर तिच्या कॉम्प्युटरवर तयारच असत. नाव, गाव, तारीख बदलायची की झालं. जी सून जळून गेली तीही अल्पशा आजाराने, जो दारूनं गेला तोही अल्पशा आजाराने, ज्याला शेजारीपाजारी हात लावत नव्हते तोही. एकदा असाच एक मजकूर लावता लावता ती म्हणाली, "या दोन शब्दांत आर्धा तालुका पुरलाय, पोरी." मी सातवीत असेन. मला हसू आलं होतं.

त्या आर्ध्या तालुक्यात तिचे वडीलही होते. आमचे आबा. मी त्यांना पाहिलं नाही, पण हट्ट्यात त्यांची गोष्ट अजून सांगतात. पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा आबा वाट चुकायला लागले. दिवसाउजेडी शेतात निघायचे आणि दुसऱ्याच कुणाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर सापडायचे, परक्या बैलांना वैरण टाकताना. गावानं निदान केलं, चकवा. आपल्याकडे रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. आबांचा तो काही उतरला नाही. मग त्यांच्या बहिणीला लागला, मग चुलतभावाला. शेवटी गाव म्हणू लागलं, त्या घरावरच चकवा आहे. उतारे झाले, देवऋषी झाले, आबा आखाड्यावर खांबाला बांधलेले असत असंही कुणीतरी सांगतं... गेले, तेव्हा अर्थातच अल्पशा आजाराने.

आत्याला पंचेचाळिसावं लागलं त्या वर्षी एका लग्नाच्या पत्रिकेत वराच्या जागीही वधूचंच नाव छापलं गेलं. नवरदेवाचा काका गठ्ठा घेऊन दुकानात आला. "ताई, पोरीचं लग्न पोरीसंगंच लावून राहिल्या का?" आत्याही खळखळून हसली, पत्रिका पुन्हा लावली आणि प्रूफ तपासायला बसली. मी समोरच होते. लाल पेन हातात, कागद समोर, आणि बाई नुसती बघतेय. दुसऱ्यांदाही तीच चूक झाली होती. "मला चूक दिसंना गं," ती म्हणाली. तिचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. काही थोड्या घरांत हा आजार रक्तातून उतरतो आणि लवकर येतो. ज्याला तो दोष असेल त्याच्या प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी. रक्ताची तपासणी करता येते, पण सक्ती नाही. कळल्यावर न कळल्यासारखं करता येत नाही, म्हणून नीट विचार करा, त्या म्हणाल्या. आत्या म्हणाली, "म्याडम, प्रूफ वाचल्याबिगर मी काही छापत न्हाई. तपासा."

दोष होता.

आम्ही परतलो. नवव्या दिवशी तिनं पत्रक छापलं. 'आमच्या घरावर चकवा नाही. आमच्या घरात अल्झायमर आहे. तुमच्याही घरात पन्नाशीच्या आत माणसं विसरायला लागत असतील, तर लाजू नका, या नंबरवर कळवा.' खाली तिचा नंबर आणि तिचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. एकादशीला आम्ही दोघी नरसीला गेलो आणि देवळाबाहेरच्या दुकानांपुढं उभं राहून ते वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलं, टाकलंही. भाऊबंद आठवड्याच्या आत दारात हजर. घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज अण्णांचा होता. आत्या त्यांना म्हणाली, "दत्ता, आपल्या घरात माणूस बायकोचं नाव विसरतं, स्वतःचं विसरतं. अब्रू तेवढी कुणी विसरंना." अण्णा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत.

पहिला फोन आला तो कनेरगाव नाक्यावरून. प्रेमसिंगभाऊंचा तिथं ढाबा आहे, राहायला शेजारच्याच तांड्यात. "ताई, तुमचं पत्रक वाचलं. भज्याखाली आलतं."

"भज्याखाली?"

"गिऱ्हाइकानं भजे खाल्ले, कागद टाकला, मी उचलला. तेलानं आर्धं गेलतं, पण नंबर बराबर दिसला. माझी याडी अशीच गेली ताई. आईला आमी भूत लागलं म्हणत होतो... लई तकलीफ देली आमी तिला."

पहिल्या महिन्यात असे पाच जण जमले आणि आत्यानं व्हॉट्सॲपवर गट काढला. नाव ठेवलं 'चकवा'. परभणीचे एक गुरुजी होते, त्यांना ते रुचलं नाही. त्यांनी 'स्मृतिगंध' सुचवलं. आत्याचं उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये आलं, तो मी अजून जपून ठेवलाय. "गंधबिंध काही न्हाई, गुरुजी. लोकांनी आपल्याला ज्या नावानं हिणवलं तेच नाव ठिवायचं. आता त्यांनीच म्हणावं अन् त्यांनीच लाजावं." गटाचे नियम कडक. सकाळची फुलं पाठवायची नाहीत. जडीबुटी, ताईत, हमखास गुण यांच्या जाहिराती टाकणारा बाहेर. आणि कुणी कुणाला 'तपासणी केली का' असं विचारायचं नाही. ज्याला कळून घ्यायचं त्यानं घ्यावं, ज्याला नको त्यानं सुखानं नको म्हणावं.

हळूहळू मराठवाड्यातली, वऱ्हाडातली कितीतरी घरं त्यात आली. आजारी कमी, आजाराच्या सावलीत उभे असलेले जास्त. तिशीतली, चाळिशीतली माणसं, प्रत्येक चुकीला दचकणारी. प्रेमसिंगभाऊ एकदा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "ताई, आज मी पोळीला भाकर म्हणलो." आत्या म्हणाली, "पोळीला भाकर म्हणलं तर काही होत न्हाई, गिऱ्हाइकाला बायको म्हणलं तं कळवा." त्या दिवशी गट दिवसभर हसत होता.

पण या गटाची खरी खूण म्हणजे एक शब्द. जुनी माणसं सांगतात, चकवा लागला की चालायचं नाही. जितकं चालाल तितकं गुंताल. आहे तिथं बसायचं आणि हाक मारायची. आत्यानं तेच उचललं. भीतीनं काही सुचेनासं झालं, की गटावर फक्त 'बसलो' किंवा 'बसले' लिहायचं. कारण सांगायचं नाही. ज्याला सवड असेल त्यानं लगेच फोन करायचा आणि उपदेश न करता बोलत राहायचं. पावसाचं, पिकाचं, शेजाऱ्याच्या म्हशीचं, काहीही. मी स्वतः तीनदा लिहिलंय. तिन्ही वेळा फोन आला. एकदा गुरुजींनी मला अर्धा तास हळदीच्या भावावर व्याख्यान दिलं. मी रडायचं विसरले.

छापखाना बंद करायची वेळ आली तेव्हा आत्याला हट्ट्याला आणलं ते अण्णांनीच. वर्षभर न बोललेल्या भावानं पुढची पाच वर्षं तिला हातानं जेवू घातलं, हे मी लिहिलं नाही तर तेही खोटंच होईल. आई तिला न्हाऊ घालायची, वेणीफणी करायची आणि अंबाड्यात लाल पेन खोचायची, कारण पेन नसलं की आत्याचा हात मागं जाऊन चाचपत राहायचा आणि ती कासावीस व्हायची. अण्णा ओसरीवर तिच्याजवळ बसून असायचे. कुणी पाहुणा आला, "अक्काला काय झालं?" म्हणाला, की अण्णांचं ठरलेलं उत्तर, "अशक्तपणा हाय." एवढी सेवा केली, पण नाव घेतलं नाही. अण्णा एक्कावन्न वर्षांचे आहेत. त्यांनी तपासणी केलेली नाही. मीही नाही. तो आमचा हक्क आहे आणि आत्यानंच तो गटाच्या नियमात लिहून ठेवलाय. मात्र खोटं छापायचा हक्क तिनं कुणालाच दिला नव्हता.

तिचा गटावरचा शेवटचा संदेश तीन वर्षांपूर्वीचा. 'बसले', बस्स. ळ आणि ल यांच्यातही तेव्हा तिचा घोटाळा व्हायचा, पण हा शब्द अचूक होता. त्या दिवशी ओसरीवर तिचा फोन इतका वाजला की अण्णाच बावरले. एकामागून एक माणसं. तिला कुणाचंच नाव कळत नव्हतं, ती प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणत होती आणि हसत होती.

निधनवार्ता छापून आली त्याच दिवशी प्रेमसिंगभाऊंनी तिचं कात्रण गटावर टाकलं. खाली एकच ओळ होती, 'ताई कशानं गेली म्हणून लिवलंय हे?'  उत्तर मला द्यायला हवं होतं. मी 'बसले' असंही लिहू शकले नाही, लाज वाटली.

म्हणून हा लेख लिहिला. आणि गेल्या रविवारी हट्ट्याला जाऊन, ओसरीवर बसून, अण्णांना इथपर्यंत वाचून दाखवला. त्यांचं नाव मी कुठंच टाकलं नव्हतं. आत्या त्यांना 'दत्ता' म्हणते तिथं मी नुसतं 'भाऊ' लिहिलं होतं. वाचून झालं.  अण्णा म्हणाले, "ते कात्रण दाव." मी कापून जवळ ठेवलेलं दिलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि आत्याचं लाल पेन काढलं. तिला न्यायच्या आधी आईनं अंबाड्यातून काढलं होतं, तेव्हापासून ते अण्णांच्या खिशात आहे, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी 'अल्पशा' हा शब्द खोडला. आत्या खोडायची तसाच, शेवटी शेपटी काढून. बाजूला लिहायला लागले आणि थांबले.

"झ ला काना हाय का?"

"हाय."

त्यांनी लिहिलं. पेनाचं टोपण लावलं. "अन् तिथं भाऊ काहून लिहिलं? अक्का मला दत्ता म्हणायची. दत्ताच लिही. दत्तराव."

"अन् पल्लवीची सोयरीक?" मी विचारलं.

 उत्तर आतून आलं, चुलीपाशी बसलेल्या पल्लवीचं. "ज्याला यायचं तो वाचून येईल की!"

ते कात्रण आता ओसरीवर, आत्याच्या बसायच्या जागेच्या वर, भिंतीला लावलंय. लाल दुरुस्तीसकट. येणारा पाहुणा ते वाचतो आणि मग पाणी पितो.

आता शेवटची ओळ, आणि आत्याच्या शास्त्राप्रमाणे तिच्यात तुम्ही काय करायचं तेच असलं पाहिजे. तुमच्याही घरात कधी ना कधी ती चार ओळींची चौकट लिहायची वेळ येईल, तेव्हा तयार मजकुरातले ते दोन शब्द खोडा आणि तुमचं माणूस ज्या आजारानं गेलं त्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहा.